रंगाखालची ढील: 1983 च्या मर्सिडीजचं स्टेअरिंग

पुलगाव-आर्वी रस्त्यावर माझी शेड आहे. माझ्याकडे येतात ते ट्रॅक्टर, थ्रेशर, कापसाचे पिकअप, लग्नसराईत एखादी बंद पडलेली नवरदेवाची गाडी. त्यामुळे मे महिन्यात, सकाळी नऊलाच झळा मारायला लागल्या असताना, पांढरीशुभ्र मर्सिडीज 240 डी दारात येऊन उभी राहिली तेव्हा समोरच्या रसवंतीवाल्यानं चरक थांबवला.

गाडी 1983 ची. मालकांचं जिनिंग आहे. त्यांच्या वडिलांनी ती दिल्लीत घेतलेली, दूतावासाच्या वापरलेल्या गाड्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जायच्या त्या काळात. वडील गेल्यावर ती पंधरा वर्षं सरकीच्या गोदामात पडून होती. मग मुलानं मनावर घेतलं आणि एका मोठ्या शहरातल्या वर्कशॉपमध्ये तिचा कायापालट करून घेतला: पत्रा, रंग, सीट, इंजिन, सगळं. या मालिकेच्या गाड्या 1976 ते 1986 या काळात जवळपास 27 लाख बनल्या, म्हणून सामान अजून मिळतं. 2399 सीसीचं डिझेल इंजिन, ताकद 72 हॉर्सपॉवर. आजचा मोठा ट्रॅक्टर तिच्या बरोबरीला येतो, पण बोनेट उघडल्यावर हात जायला जागा आहे हे तिचं मोठं सुख. पॉवर स्टेअरिंग 1982 पासून या मालिकेत सगळ्याच गाड्यांना येऊ लागलं, तसं हिलाही आहे.

मालक उतरले आणि पहिलंच वाक्य टाकलं, "मिस्त्रीभाऊ, तीन वेळा अलाइनमेंट केलं, तरी गाडी पेल्यासारखी चालून राहिली. स्टेअरिंग इकडं अन् गाडी तिकडं."

तक्रार नीट ऐकून घेतली. गाडी रिस्टोर होऊन आली तेव्हा ठीक होती. बाराएकशे किलोमीटर झाल्यावर स्टेअरिंग मधल्या जागी ढिलं लागायला लागलं. आर्वीच्या रस्त्यावर त्यांनी ते मनावर घेतलं नाही. इथल्या काळ्या मातीवरच्या सडका तशाही लाटा घेतात. पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, वरचं डांबर तिच्या मागे जातं. अशा सडकेवर नवी गाडीसुद्धा डोलते. पण विरूळजवळून समृद्धी महामार्गावर चढले आणि सपाट काँक्रीटवर ऐंशी-नव्वदला गाडी लेन सोडायला लागली, तेव्हा घाबरले. त्या रस्त्यावर कारला 120 ची मुभा आहे, मागून येणारे तेवढ्यानंच येतात. एक ट्रक बाजूनं गेला तेव्हा हात घामेजले, असं त्यांनीच सांगितलं.

मी गाडी फिरवून पाहिली. दोन गोष्टी लक्षात आल्या. सरळ चालवताना मधे मोठा मोकळा पट्टा होता, हात हलवा पण गाडीला पत्ताच नाही. दुसरी गोष्ट याच्या अगदी उलट: वळण घेतल्यावर स्टेअरिंग आपोआप परत येत नव्हतं, ओढून आणावं लागत होतं. एकाच स्टेअरिंगमध्ये ढिलेपणाही आणि चिकटपणाही. त्यामुळे चालवणारा आधी कमी वळवतो, मग जास्त, मग परत उलटा, आणि गाडी नागमोडी जाते.

इथं मी पहिली चूक केली. ती सांगतो, कारण अर्धा दिवस तिच्यात गेला.

ट्रॅक्टरची सवय. आजच्या बऱ्याच ट्रॅक्टरना हायड्रोस्टॅटिक स्टेअरिंग असतं. त्यात हातातलं चक्र आणि पुढची चाकं यांच्यामध्ये लोखंडी दांडाच नसतो, फक्त तेल. आत तेल गळलं की चक्र फिरतच राहतं आणि चाक आळसावतं. तिथं ढिलेपणा म्हणजे तेल, हे माझ्या डोक्यात इतकं बसलेलं की मी थेट स्टेअरिंगच्या तेलाच्या पंपाकडं गेलो. झाकणाचा पंखनट काढला, आतली जाळी पाहिली, तेल पाहिलं. तेल स्वच्छ, फेस नाही. पंपाचा पट्टा घट्ट. स्टेअरिंग दोन्ही टोकांना नेलं, कण्हणं नाही, झटका नाही. पंप नवा टाकल्याची पावतीही मालकांकडं होती.

जेवायला बसलो तेव्हा उजेड पडला. या गाडीत हातापासून चाकापर्यंत लोखंडाची सलग साखळी आहे, तेल फक्त मदतीला. तेल रुसलं तर स्टेअरिंग जड होईल, ओरडेल, हिसके देईल. मधे असा मोकळा पट्टा पडायचा असेल तर तो साखळीतल्या एखाद्या कडीतच पडणार. पोळी तशीच ठेवून उठलो असतो, पण बायको समोर होती.

मग मोजायला घेतलं. "ढिलं आहे" हे मोजमाप नव्हे. स्टेअरिंगच्या रिमवर कागदी टेप चिकटवली, डॅशबोर्डवरून तारेचा एक काटा तिच्यावर आणला. इंजिन चालू, चाकं सरळ आणि जमिनीवरच. शेडमधला पोरगा टायरच्या कडेला लाकडी पट्टी टेकवून बसला. मी स्टेअरिंग एका बाजूनं हलकेच नेत गेलो आणि पट्टी थरथरली की तो ओरडायचा, "हाल्लं!" तिथं पेन्सिलची खूण. मग उलट बाजूनं तसंच. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे प्ले. कंपनीच्या पुस्तकात याला 25 मिलिमीटरची मर्यादा आहे.

उजवं चाक हललं 40 मिलिमीटरनंतर. डावं चाक 62 नंतर.

पाच वेळा केलं, दोन-तीन मिलिमीटरचा फरक सोडला तर आकडे तेच. मला विचाराल तर या प्रकरणाचा निकाल इथंच लागला, पुढची सगळी धडपड पुरावे गोळा करण्याची होती. बहुतेक जण प्ले एकदाच मोजतात, ज्या चाकाजवळ उभे असतील त्या चाकाचा. दोन्ही चाकांचा वेगळा मोजला की गाडी स्वतःच बोट दाखवते.

कारण असं. ही उजव्या हाताची गाडी, म्हणजे स्टेअरिंगचा डब्बा, ती दात्यांची पेटी, उजवीकडे चेसीला बोल्टनं बसवलेला. डब्ब्याखाली ड्रॉप आर्म, म्हणजे डावी-उजवीकडे झुलणारा लोखंडी हात. ड्रॉप आर्मपासून उजव्या चाकाला टाय रॉड, म्हणजे चाक वळवणारी दांडी, सरळ जाते. डाव्या चाकाला मात्र वळसा आहे: ड्रॉप आर्मपासून मधली दांडी डावीकडे, तिथं चेसीवर आयडलर आर्म, म्हणजे मधल्या दांडीचं दुसरं टोक तोलणारा हात, आणि त्याच्यापासून डाव्या चाकाचा टाय रॉड. म्हणजे 40 मिलिमीटरची ढील दोन्ही चाकांना सामाईक, ती स्टेअरिंगच्या दांड्यापासून ड्रॉप आर्मपर्यंत कुठंतरी. वरची 22 ची ढील फक्त डाव्या वळशातली. दोन वेगळे चोर, एक घरातला, एक वाड्यातला.

मालकांनी तीन अलाइनमेंटच्या पावत्या काढल्या तेव्हा मला स्वतःचाच राग आला. तिन्ही पावत्यांवर डाव्या चाकाचा टो, म्हणजे चाक आत-बाहेर किती वळून उभं आहे तो आकडा, वेगळा होता. उजव्याचा जवळजवळ तोच. मधल्या काळात गाडी कुठं आदळली नव्हती. जे चाक दर वेळी नव्या जागी उभं राहतं ते कशानंतरी मोकळं आहे, हे त्या कागदांवर छापून आलेलं होतं. मशीनवाल्यांचा दोष म्हणाल तर एवढाच, की मशीन उभ्या गाडीचा कोन मोजतं, आणि आकडा हिरवा दिसला की सगळे खूश होतात.

ट्रकसाठी खणलेल्या खड्ड्यावर गाडी घेतली. जॅक लावला नाही. जॅकवर चाकं अधांतरी होतात, जोडांवरचा भार जातो आणि ढील लपते. चाकं जमिनीवर हवीत, इंजिन चालू हवं, म्हणजे पंपाची पूर्ण ताकद जोडांवर येते. पोरगा वर बसून स्टेअरिंग इकडून तिकडं, दोन-तीन इंच, न थांबता. मी खाली, प्रत्येक जोडावर दोन बोटं, एक या भागावर, एक त्या भागावर. डोळ्यांना जे दिसत नाही ते बोटाच्या पेराला टिचकीसारखं लागतं.

वरच्या कपलिंगवर टिचकी नाही. टाय रॉडच्या चारही टोकांवर नाही, ती नवीच होती. मधल्या दांडीच्या टोकांवर नाही. मग डब्ब्यावर हात ठेवला, एक बोट डब्ब्यावर, एक चेसीवर. टिक. परत टिक. जागा बदलल्या, पोराला खाली पाठवलं आणि मी वर बसलो. खालून आवाज आला, "काका, डब्बाच हालून राहिला न!"

रिबोरवाल्याकडून डायल, म्हणजे बारीक हालचाल मोजणारा काटा, आणला. डब्बा चेसीवर मिलिमीटरभर सरकत होता. मिलिमीटर म्हणजे काय, तर चहाच्या कपाच्या कडेएवढाही नाही. पण ड्रॉप आर्मचं टोक 1 मिलिमीटर हललं की या गाडीच्या रिमवर साधारण 2 सेंटिमीटर फरक पडतो, हे तिथंच डायल लावून मोजलं. हाच हिशेब उलटा वाचला की कळतं, हातात भलामोठा वाटणारा खेळ खाली नखाएवढा असतो आणि नजरेला दिसत नाही.

डब्ब्याचे बोल्ट पान्याला घट्ट वाटत होते. कसण्याचा जोर मोजणारा टॉर्क पाना लावला तर पाऊण फेरा फिरले. वॉशरच्या भोवती तांबूस भुकटी साचलेली, आणि डब्बा व चेसी यांच्या मधल्या रेषेवर नव्या रंगाला केसासारखी चीर. तांबूस भुकटी दिसली की समजायचं, लोखंड लोखंडावर घासतंय, गंजाचं पीठ पडतंय.

बोल्ट का सुटले? गाडी सुंदर करताना चेसीवर प्रायमर आणि रंगाचे थरावर थर दिले होते, डब्बाही सगळ्या बाजूंनी रंगवला होता, आणि मग रंगावर रंग टेकवून बोल्ट कसले. रंग लोखंडासारखा दाब धरत नाही. इंजिनची ऊब, मे महिन्याचं ऊन, स्टेअरिंगची खेचाखेच यांनी तो चेपत गेला. बोल्ट जागचा हलला नाही, पण त्याच्याखालची जाडी कमी झाली आणि ताण गेला. म्हणूनच शहरातून निघताना गाडी ठीक होती आणि बाराशे किलोमीटरनंतर बिघडली. जे वर्कशॉप एवढं मन लावून पत्रा घासतं त्यानं बोल्टखालची जागा तेवढी कोरी सोडायला हवी होती.

मालक म्हणाले, "मंग कसून टाका न आता. सापडलं न?"

नुसतं कसून भागणार नव्हतं. चेपलेला रंग अजून चेपला असता आणि दोन महिन्यांनी तीच गोष्ट. शिवाय एवढे दिवस डब्बा हलत होता तर चेसीला तडा गेला नसेल कशावरून? डब्बा उतरवायचं ठरवलं. नळ्या सोडल्या, तोंडं स्वच्छ टोप्यांनी बंद केली, कारण या तेलात धुळीचा कण गेला तर पुढचं दुखणं आपणच लावलेलं असतं. बोल्टच्या भोकांभोवतीचा रंग खरवडून काढला. मग जुनी युक्ती: पूर्वी घासलेट वापरायचो, आता ते शोधूनही मिळत नाही म्हणून डिझेल लावलं, पाच मिनिटांनी पुसून कोरडं केलं आणि वर खडूची पूड फासली. तडा असेल तर आत मुरलेलं तेल पुडीवर काळी रेघ उमटवतं. रेघ आली नाही. त्या दिवसाची पहिली चांगली बातमी.

डब्बा टेबलावर आला तेव्हा वळणानंतरचा चिकटपणाही समजला. डब्ब्याच्या डोक्यावर एक ॲडजस्टिंग स्क्रू आणि त्याचा लॉकनट असतो. लॉकनटवरचा नवा रंग उडालेला, पान्याचे ताजे ओरखडे. मालकांकडं पाहिलं. ते जरा अडखळले, मग म्हणाले की रस्त्यात एका मिस्त्रीनं "दोन मिनिटांत घट्ट करून देतो" म्हणून तो अर्धा फेरा पिळला होता.

या स्क्रूबद्दल माझं मत कडक आहे. अशा डब्ब्यात दात मधल्या जागी मुद्दामच थोडे जवळ ठेवलेले असतात, बाजूला गेलं की मोकळे होतात. गाडी आयुष्यभर बहुतेक वेळ सरळ चालते, म्हणून झीज मधे जास्त. दुसरीकडची ढील लपवण्यासाठी स्क्रू पिळला की मधे थोडं बरं वाटतं, पण डब्बा आतून आवळतो आणि पुढच्या चाकांची सरळ यायची जी नैसर्गिक ओढ असते तिला तो सोडत नाही. वर दातही लवकर जातात. या मिस्त्रीनं ढील दुरुस्त केली नाही, तिच्यावर चिकटपणाची भर घातली. पुस्तकात सांगितल्याप्रमाणे दांड्या सुटलेल्या असताना, हातानं फिरवून लागणारा जोर मोजत स्क्रू परत लावला.

आता डावीकडचा चोर. आयडलर आर्मवर बोट ठेवलं तर टिचकी नव्हती, आर्म चक्क वर उचलला जात होता आणि तिरका होत होता. त्याचा बुश, म्हणजे सांध्यातली रबरी बाही, बाहेरून चकचकीत काळा, नव्यासारखा. पेचकसानं खरवडलं तर रंगाची साल निघाली आणि आत रबर वाळल्या शेतासारखं भेगाळलेलं. 40 वर्षांचं रबर, त्यातली पंधरा वर्षं विदर्भाच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या गोदामात. त्याचं काही चुकलं नाही, त्याचं वय झालं होतं. चूक रंगाच्या ब्रशची. टाय रॉड बदलले कारण त्यांची टोकं डोळ्यांना दिसतात. बुश बसल्याजागी रंगवून टाकला.

बुशचं किट दिल्लीच्या काश्मिरी गेटच्या बाजारातून मागवलं, पाचव्या दिवशी कुरिअरनं वर्ध्याला आलं. तीन अलाइनमेंटच्या पावत्यांपेक्षा स्वस्त पडलं. तोवर गाडी शेडमध्येच आणि गावातली पोरं तिच्याबरोबर फोटो काढायला.

मधल्या दिवसांत जॅकवर घेऊन चाकंही पाहिली. डावं चाक वरून-खालून धरून हलवलं तर किंचित खेळ. पोराला ब्रेक दाबायला लावला, खेळ गेला. ब्रेक दाबला की डिस्क आणि कॅलिपर एक होतात, बेअरिंगची ढील दबून जाते. तेव्हाही खेळ उरला तर तो खालच्या-वरच्या बॉल जॉइंटचा. इथं बेअरिंगच होतं. ग्रीस बदललं, डायल लावून पुस्तकातल्या 0.01 ते 0.02 मिलिमीटरवर आणलं. रिमवरच्या आकड्यात यानं काही फरक पडला नाही, पण तसंच सोडवलंही नाही.

बुश बसवताना एकच गोष्ट जपायची: शेवटचा नट चाकं सरळ असतानाच कसायचा. चाकं वळलेली असताना कसला तर रबर पिळलेल्या अवस्थेत अडकतं आणि गाडी कायम एका बाजूला ओढत राहते. मग माणूस परत अलाइनमेंटला धावतो. डब्बा कोऱ्या लोखंडावर टेकवला, गंजू नये म्हणून ग्रीसचा नुसता पुसटसा हात, नवे बोल्ट, टॉर्क पाना. कडेनं रंग नंतर मारला. तेल भरलं, पुढची चाकं उचलून इंजिन बंद ठेवूनच स्टेअरिंग सावकाश टोकापासून टोकापर्यंत नेलं, तेल खाली गेलं की भर घालत. बुडबुडे थांबल्यावर मग इंजिन चालू केलं.

दर टप्प्यावर तीच टेप, तोच काटा. डब्बा पक्का झाल्यावर उजवं 40 वरून 19 वर आलं, डावं 62 वरून 41 वर. नवा बुश बसल्यावर डावं 23. मालक टेपवरच्या पेन्सिलच्या खुणा बराच वेळ पाहत राहिले. म्हणाले, "एवढ्याशासाठी तीन महिने जीव टांगणीला लावला न बाप्पा."

मग चौथं अलाइनमेंट. या वेळी मशीनवाल्याला सांगितलं, मोजून झाल्यावर गाडी दहा फूट मागे घे, पुढे आण आणि परत मोज. दोन्ही वेळा आकडे सारखे आले. त्यानं माझ्याकडं जरा वेगळ्या नजरेनं पाहिलं.

विरूळला समृद्धीवर चढलो, येळाकेळीला उतरलो आणि तसेच परत. मालक चालवत होते, मी बाजूला. नव्वदला एक कंटेनर घासून गेला. वाऱ्यानं गाडी जराशी दबली, त्यांनी बोटभर स्टेअरिंग दिलं आणि गाडी तेवढीच ऐकली. वळणावर हात सैल सोडला तर स्टेअरिंग आपलं आपण मधे आलं. ते काही बोलले नाहीत, फक्त एसी बंद करून काच खाली केली. एसी तसाही गार करत नव्हता, पण ते माझं काम नव्हे.

डब्बा आणि चेसी यांच्या जोडावर मी व्हाइटनरची एक आडवी रेघ मारून ठेवली होती, अर्धी डब्ब्यावर, अर्धी चेसीवर. 500 किलोमीटरनंतर गाडी परत आणा असं सांगितलं होतं. पोळ्याच्या आदल्या आठवड्यात आणली, साडेआठशे झाले होते. खड्ड्यात उतरून बॅटरी मारली. रेघ सलग होती. टॉर्क पाना लावला, कट्ट वाजला, बोल्ट हलला नाही. डावा टायर मात्र आतल्या बाजूनं जुन्या दिवसांत झिजलाय, तो दिवाळीपर्यंत बदलायला सांगितलाय.